दुकानातून की परभारे?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या की गप्पा कुठून निघून कुठे पोचतील याचा नेम नसतो. यंदा आमच्याकडे तिळगुळाचा पाक का बिघडतो इथून सुरुवात झाली आणि गाडी येऊन थांबली ती मोबाईलवरच्या गाण्यांच्या ॲपवर. मी सहज म्हटलं, "मध्ये मध्ये जाहिराती लागायच्या त्याचा फार वैताग यायचा. म्हणून मी आपली महिन्याची वर्गणी भरून टाकते. १५९ रुपये जातात, पण स्वयंपाक करताना जुनी गाणी कशी अखंड चालू राहतात!"

वन्संनी वाणाची वाटी खाली ठेवली. "१५९? अगं, मी तर ११९च भरते!"

ॲप तेच, गाणी तीच. महिनाही दोघींचा तीसच दिवसांचा. मग हे वरचे चाळीस रुपये कशाचे? आम्ही दोघींनी फोन शेजारीशेजारी ठेवले तेव्हा उलगडा झाला. मी ह्यांचा जुना आयफोन वापरते. त्यात ते ॲप उघडलं, समोर बटण दिसलं, दाबलं आणि मोकळी झाले. वन्संनी मात्र ॲपमधून पैसे भरलेच नव्हते. त्या कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन त्यांनी यूपीआयने पैसे दिले होते आणि मग ॲपमध्ये नुसतं आपल्या नावानं आत शिरल्या होत्या.

महिन्याचे चाळीस म्हणजे वर्षाचे ४८० रुपये. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारी मी! त्या रात्री हळदीकुंकवाची आवराआवर करताना ते ४८० रुपये काही माझ्या डोक्यातून जाईनात.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असल्या वर्गण्या किती आहेत ते एकदा बोटांवर मोजून पाहा. पूर्वी वर्गणी म्हटली की ती गणपतीची, नाहीतर वाचनालयाची. आता गाण्यांची, सिनेमांची, मुलांच्या अभ्यासाची, योगासनांची, फोटो साठवून ठेवण्याची. एकेक रक्कम लहान दिसते. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाण्याच्या बिलासारखी ती एकत्र कधी समोर येतच नाही, आणि म्हणून खुपतही नाही. तेव्हा आज ह्याच विषयावर बोलू या: वर्गणी ॲपच्या दुकानातून भरावी, की परभारे कंपनीकडे?

आधी हे दुकान म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या फोनमध्ये कुठलंही ॲप येतं ते एका बाजारातून. आयफोनवाल्यांचा बाजार ॲपलचा, त्याचं नाव ॲप स्टोअर. बाकीच्या बहुतेक फोनवाल्यांचा गूगलचा, त्याचं नाव प्ले स्टोअर. ॲप बनवणारा हा त्या बाजारातला गाळेवाला. तुम्ही ॲपच्या आतल्या बटणानं पैसे दिलेत की ते आधी बाजाराच्या मालकाच्या गल्ल्यात पडतात. तो आपली अडत कापून घेतो आणि उरलेले गाळेवाल्याला देतो. मार्केट यार्डात शेतकऱ्याच्या मालाचं होतं, तसंच.

ही अडत थोडीथोडकी नव्हे. ॲपलचं दुकान १० जुलै २००८ रोजी ५०० ॲपं घेऊन उघडलं तेव्हापासून हिशेब असा ठरला, की शंभरातले सत्तर ॲपवाल्याचे आणि तीस दुकानाचे. २०११ साली तोच दर वर्गण्यांनाही लागला. पुढे तक्रारी वाढल्या तशी थोडी सूट मिळत गेली. ग्राहक सलग वर्षभर टिकला तर त्यापुढच्या वर्गणीवर तीसऐवजी पंधरा, असं ॲपलनं २०१६ साली ठरवलं. वर्षाला दहा लाख डॉलरांच्या आत कमाई असलेल्या लहान ॲपवाल्यांना २०२१ पासून पंधराचा दर दिला. गूगलनं २०२२ च्या जानेवारीपासून वर्गण्यांवरची अडत पंधरावर आणली. हे दर आता निरनिराळ्या देशांत कोर्टकचेऱ्यांमुळे बदलत आहेत. पण आपल्याला लक्षात ठेवायचं ते इतकंच, की आतल्या बटणाच्या किमतीत मधल्या माणसाचा वाटा असतो. कधी तो वाटा ॲपवाला स्वतः सोसतो आणि दोन्हीकडे किंमत सारखीच ठेवतो. कधी तो आपल्या माथी मारतो.

माथी मारतो तेव्हा गणित कसं दिसतं ते पाहा. तेव्हाच्या ट्विटरनं, म्हणजे आताच्या एक्सनं, फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याकडे निळ्या खुणेची वर्गणी सुरू केली. वेबसाइटवरून भरली तर महिना ६५० रुपये, फोनच्या ॲपमधून भरली तर ९०० रुपये. आता नऊशेतून शेकडा तीस वजा करा. उरतात ६३०. म्हणजे ॲपवाल्याच्या हातात दोन्ही बाजूंनी जवळजवळ तेवढेच पडणार, वरचे अडीचशे आपण केवळ दार चुकल्याचे भरायचे! नेटफ्लिक्सनं तर २०१८ च्या अखेरीस आयफोनच्या ॲपमधून नव्या ग्राहकांचे पैसे घेणंच थांबवलं. वर्गणी बाहेर भरा आणि मग आत या, असा मामला.

तुम्ही म्हणाल, बाहेर स्वस्त मिळतं तर ॲपवाले आपल्याला तसं सांगत का नाहीत? तीच तर मेख होती. ॲपलचा नियमच असा, की ॲपच्या आत "बाहेर कमी किमतीत मिळेल" अशी पाटी लावायची नाही. ह्या पाटीवरून जगभर भांडणं झाली. अमेरिकेत एपिक नावाच्या खेळ बनवणाऱ्या कंपनीनं ऑगस्ट २०२० मध्ये ॲपलवर दावा लावला. ॲपवाल्यांना बाहेरची वाट दाखवण्यापासून अडवता येणार नाही, असं तिथल्या न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं. त्याच सुमारास दक्षिण कोरियानं तर कायदाच केला, की दुकानदारानं आपल्याच गल्ल्यातून पैसे भरायची सक्ती करायची नाही. युरोपीय आयोगानं गाण्यांच्या ॲपांच्या बाबतीत ह्याच कारणासाठी मार्च २०२४ मध्ये ॲपलला १८० कोटी युरोंहून जास्त दंड केला.

आपल्याकडेही हे प्रकरण गाजलं. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला ह्याच पैसे भरण्याच्या सक्तीबद्दल ९३६ कोटी ४४ लाख रुपयांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. आणि तुम्हांला आठवत असेल, १ मार्च २०२४ रोजी लग्नं जुळवणारी काही नावाजलेली ॲपं प्ले स्टोअरवरून एकाएकी गायब झाली होती. ऐन लग्नसराईच्या तोंडावर! अडतीवरूनच वाद होता. सरकारनं मध्ये पडून बोलणी केली आणि थोड्याच दिवसांत ती परत दिसू लागली.

एवढं सगळं वाचल्यावर मी काय केलं असेल? परभारे पैसे भरण्याचा झेंडाच खांद्यावर घेतला! माझी गाण्यांची वर्गणी बाहेरून सुरू केली. शाळेत स्टाफरूममध्ये डबे उघडले की माझं व्याख्यान सुरू व्हायचं. घरात जेवताना तेच. "मधल्याला कशाला पैसे द्यायचे? बाहेरून भरलं की स्वस्त पडतं." ऐकणाऱ्या माना डोलवत. मलाही जरा बरं वाटे.

आता पुढची गोष्ट सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगते. नाहीतर ह्या लेखाला काही अर्थ नाही.

आषाढ लागता लागता मी आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, पासबुक भरून आणलं. मामंजींच्या मागं त्यांना जे पेन्शन मिळतं ते त्या खात्यात जमा होतं. पासबुक चाळताना एक ओळ दिसली, फेब्रुवारीत १ रुपया. त्याच नावानं त्याच महिन्यात ४९९. मग मार्चमध्ये ४९९. एप्रिल, मे, जून, दर महिन्याला ४९९. पाच वेळा, म्हणजे २,४९५ रुपये.

मी विचारलं, "आई, हे कसले हो पैसे?"

त्या काही बोलल्या नाहीत. वाती वळत होत्या, त्या वळतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ते गेलेच ना अजून? मला वाटलंच."

झालं होतं असं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना पोथीची बारीक अक्षरं नीट लागत नाहीत. फोनवर कीर्तन ऐकताना मध्येच एक जाहिरात आली. पोथ्या, स्तोत्रं, सगळं मोठ्या अक्षरांत, वर वाचूनही दाखवणार, आणि किंमत फक्त एक रुपया. त्यावर बोट ठेवलं तर वेबसाइट उघडली, यूपीआय आलं, त्यांनी पिन घातला. एक रुपया गेला. दोन दिवसांनी पाहिलं तर वाचणारा आवाज यंत्राचा, 'ज्ञ'चा उच्चारही धड नाही. त्यांनी नातवाला सांगून ॲप काढून टाकलं. विषय संपला असं त्यांना वाटलं. बँकेचे मेसेज येत होते, पण इंग्रजीत. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की पैसे अजून जात आहेत.

"मग सांगितलं का नाहीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"काय सांगू? तूच म्हणायचीस ना, बाहेरून भरलं की स्वस्त पडतं. मला वाटलं, आपणही शहाणपणा केला. मग तो अंगाशी आला म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि फोनवरनं पैसे देणं बंद करा म्हणाला असतात, तर? आता कुठे भाजीवाल्याला माझी मी पैसे देते."

काय सांगू तुम्हांला, मला खाली मान घालावी लागली. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच. पण आपल्या घरातलं माणूस चार महिने मनात कुढत राहिलं, आणि तेही माझ्याच अर्धवट शहाणपणामुळे, हे जास्त लागलं.

लगेच आईंच्या फोनमधलं यूपीआयचं ॲप उघडलं. त्यात 'ऑटोपे' नावाचा एक कप्पा असतो. तिथे ती परवानगी जशीच्या तशी होती: दर महिन्याला ४९९ रुपये, आणि मुदत किती, तर तीस वर्षं! आईंना आता बहात्तरावं चालू आहे. मी म्हटलं, "आई, एकशेदोन वर्षं होईपर्यंत तुम्ही ह्यांना पैसे देणार होतात!" तेव्हा कुठे त्या हसल्या. "तेवढं जगवलं असतं तर दिले असते हो," म्हणाल्या. त्यांनी स्वतःच पिन घालून ती परवानगी रद्द केली.

कंपनीला पत्र लिहिलं, उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ह्या नंबरवर तक्रार नोंदवली. पंधरवड्यानं शेवटच्या महिन्याचे ४९९ परत आले. आधीचे चार हप्ते गेले ते गेलेच.

ह्यातून मी जे शिकले ते एका ओळीत सांगते: गाठ जिथे मारली, तिथेच सोडावी लागते. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं होत नाही. पेपर रद्दीत घातला म्हणून पेपरवाला बिल पाठवायचा थांबतो का? त्याला जाऊन सांगावं लागतं. तसंच हे. आणि सांगायचं कुणाला, ते तुम्ही पैसे कुठल्या दारातून दिले त्यावर ठरतं.

दुकानातून दिले असतील तर गाठ दुकानाशी. आयफोनमध्ये 'सेटिंग्ज' उघडून सर्वांत वरच्या आपल्या नावावर बोट ठेवा, तिथे 'सबस्क्रिप्शन्स' दिसेल. दुसऱ्या फोनांत प्ले स्टोअर उघडून कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर, मग 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'वर जा. तुमच्या दुकानातल्या सगळ्या वर्गण्या एका यादीत मिळतात आणि तिथल्या तिथे रद्द करता येतात. अडत देतो त्याचा हा मोबदला म्हणा. पैसे चुकून गेले तर परत मागायलाही ठरलेली जागा असते. प्ले स्टोअरवर खरेदीपासून ४८ तासांच्या आत मागणी केली तर गूगलकडूनच परतावा मिळू शकतो. ॲपलकडेही अर्ज करता येतो, निर्णय तेच घेतात. शिवाय घरातली मुलं हट्टानं काही विकत घेऊ लागली, तर आईबापांची परवानगी लागेल अशी सोय दोन्हीकडे आहे.

बाहेरून दिले असतील तर गाठ थेट कंपनीशी. स्वस्त पडेल, पण रद्द करायचं बटण तिनं कुठे ठेवलंय ते तुम्हांलाच शोधायचं. ते मिळालं नाही, तर यूपीआयची नाहीतर बँकेची परवानगी रद्द करायची. दुकानदार इथे काही करू शकत नाही, कारण त्याच्या वहीत तुमची नोंदच नसते.

आपल्या बाजूनं काही नियमही आहेत, ते माहीत असावेत. दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर पहिल्या वेळी आपली परवानगी, म्हणजे ओटीपी किंवा पिन, लागतेच. पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी तसा निरोप आला पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. पण एकदा परवानगी दिली, की १५,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला दर वेळी पिन विचारत नाहीत. आईंचे पैसे असेच गेले. निरोप आला होता, तो वाचला गेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवण्याच्या तेरा युक्त्यांवर बंदी घातली. वर्गणीत अडकवून बाहेर पडण्याची वाट दडवून ठेवणं ही त्यांतलीच एक. म्हणून १९१५ वर तक्रार करताना संकोच करू नका.

मग शेवटी कुठून भरावं? माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं लहान मुलांसाठी मराठी गोष्टींचं ॲप केलं आहे. मला वाटलं, ती तरी परभारेच्या बाजूनं बोलेल. शंभरातले पंधरा तिचे वाचणार ना! तर ती म्हणाली, "बाई, माझं नाव कुणाला माहीत आहे? माझ्या वेबसाइटवर अनोळखी आई पैसे भरायला धजत नाही. दुकानात भरते, कारण पटलं नाही तर सोडता येईल हे तिला ठाऊक असतं." मला ते पटलं. ओळखीच्या दुधवाल्याला महिन्याचे पैसे आपण आगाऊ देतो, दारावर नव्यानं आलेल्याला नाही. इथेही तोच व्यवहार.

तेव्हा मी घरात जे नियम केले आहेत ते इथे देते. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

१. नवीन, अनोळखी ॲप किंवा 'काही दिवस फुकट', 'फक्त एक रुपया' असलं काही असेल, तर दुकानातूनच घ्या. रद्द करायचं असेल तर मुदत संपायच्या निदान एक दिवस आधी करा, शेवटच्या तासाची वाट पाहू नका.

२. ओळखीची कंपनी आणि वर्षानुवर्षं लागणारी गोष्ट असेल, तर पैसे भरण्यापूर्वी दोन्ही दारांतली किंमत पाहा. आयफोन असेल तर हटकून पाहा. फरक असेल तर बाहेरून भरा. सारखीच असेल तर दुकानातून भरलेलं सोयीचं.

३. बाहेरून भरणं म्हणजे कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवर पत्ता स्वतः टाइप करून जाणं. जाहिरातीतल्या नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवून जाणं नव्हे. आणि ॲप मात्र नेहमी दुकानातूनच उतरवून घ्या. कुणी फाइल पाठवून "ही बसवा" म्हणालं तर मुळीच बसवू नका. उघड फसवणूक झाली असेल तर वेळ न दवडता १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

४. यूपीआयच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांतला एक रुपया पाहू नका. खाली लिहिलेलं पाहा: दर वेळी किती रुपयांपर्यंत कापणार, किती दिवसांनी आणि केव्हापर्यंत. 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' हा शब्द दिसला की पिन घालण्याआधी थांबा आणि चष्मा लावा.

५. आतली वर्गणी बाहेर हलवायची असेल तर आधी दुकानातली रद्द करा. भरलेला महिना बहुधा संपेपर्यंत चालतो. तो संपला की मग बाहेरून सुरू करा. नाहीतर दोन्हीकडून पैसे जातात आणि दोघंही "आमचं बरोबर आहे" म्हणतात. दोन्हीकडे ईमेल किंवा फोन नंबर तोच द्या, म्हणजे तुमची आवडती गाणी नि याद्या हरवणार नाहीत.

६. दुकानातली वर्गणी यूपीआयनं भरत असाल तर नुसतं ऑटोपे बंद करून भागत नाही. दुकानातल्या यादीतूनही ती रद्द करा.

७. काही ॲपांत आता पैसे भरताना दोन पर्याय दिसतात, एक गूगलचा आणि एक कंपनीचा स्वतःचा. दुसरा घेतलात तर गाठ कंपनीशी पडली असं धरून चाला.

शेवटची युक्ती आमच्या आईंची. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तसं प्रत्येक वर्गणीची तारीख त्यावर लिहायची. रक्कम लिहायची, आणि पुढे 'दु' नाहीतर 'बा'. 'दु' म्हणजे दुकानातून, 'बा' म्हणजे बाहेरून. तारखेच्या दोन दिवस आधी स्वतःला विचारायचं, ही गोष्ट गेल्या महिन्यात वापरली का? नसेल तर गाठ सोडायची. पहिल्याच महिन्यात आमच्या घरी दोन गाठी सुटल्या. एक चिरंजीवांच्या चित्रकलेच्या ॲपची आणि एक माझ्या योगासनांची! तिच्याबद्दल मी अधिक काही बोलत नाही.

आईंचा फोन आम्ही काढून घेतला नाही. भाजीवाल्याला त्या अजूनही स्वतःच पैसे देतात. गेल्या महिन्यात त्यांनी पोथ्यांचं दुसरं एक ॲप शोधलं, मला हाक मारली नाही, दुकानातूनच महिन्याचे पैसे भरले आणि कॅलेंडरवर आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिलं: '६९, दु'. 'ज्ञ'चा उच्चार चांगला आहे म्हणतात.

तुम्ही एक कराल? ह्या रविवारी घरातल्या मोठ्या माणसांजवळ त्यांचं पासबुक आणि फोन घेऊन निवांत बसा. सारखी रक्कम दर महिन्याला जाते आहे का ते पाहा. जात असली तर आधी पाण्याचा पेला द्या आणि मग विचारा. आवाज मात्र चढवू नका. मी चढवला होता, त्याची चुटपुट अजून आहे.